धक्क्यावरची दोन पानं

सुमेधा चांदेकर पुस्तकं लिहीत नसे, पुस्तकं जुळवत असे. पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेत तिने बारा वर्षं शाळेच्या पुस्तकांची पानं लावली. लेखकाचा मजकूर, चित्रकाराची चित्रं, धड्याखालचे प्रश्न हे सगळं ठरलेल्या पानांत बसवायचं, मुलांना जड जाईल तो शब्द काढून सोपा घालायचा आणि छपाईला जाण्याआधी शेवटची सही करायची, एवढं तिचं काम. सुमेधाच्या हातून गेलेल्या पुस्तकात चूक सापडत नाही, असं तिथे म्हणत असत. तिलाही ते खरं वाटे.

२०११ मध्ये तिच्या नवऱ्याला, शिरीषला, न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये दुधाच्या भुकटीवर संशोधन करायची नोकरी लागली आणि सात वर्षांच्या सिद्धीला घेऊन ती दोघं तिथे आली. भर जुलैतली, तिकडच्या हिवाळ्यातली थंडी होती आणि वारा असा, की दोरीवर घातलेली चादर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडायची. शिरीष सायकलवरून कामाला जायचा, सिद्धी शाळेत. सुमेधा घरात. वर्षभर तिने अर्ज केले. "तुमचं काम उत्तम आहे, पण इथला अनुभव नाही," असं नम्र भाषेत सांगणारी पत्रं येत राहिली. पुढे पुढे ती अर्ज केल्याचं शिरीषलाही सांगेनाशी झाली.

शेवटी गावातल्याच एका लहानशा संस्थेत तिला काम मिळालं. लढाया होऊन गेलेल्या देशांना नवी शालेय पुस्तकं करून द्यायची, हे त्या संस्थेचं काम. पैसा न्यूझीलंडचा आणि आणखी दोन-तीन देशांचा. संस्थेची प्रमुख मार्गो. पन्नाशीची, उंच, सारखी विमानात असणारी. मुलाखतीत तिने सुमेधाला एका पुस्तकाचे कच्चे कागद दिले आणि विचारलं, "यात काय चुकलंय?" सुमेधाने वीस मिनिटांत एकतीस चुका काढल्या. मार्गो हसली आणि म्हणाली, "सोमवारपासून ये." करार एकेका वर्षाचा होता. दर जून महिन्यात तो वाढायचा, नाहीतर संपायचा.

त्या वेळी संस्थेकडे पॅसिफिकमधल्या एका बेटाचं काम होतं. किनाऱ्यावरचे लोक आणि डोंगरातले लोक तिथे चार वर्षं एकमेकांशी लढले होते. लढाई संपून दहा वर्षं झाली होती, तरी मुलांच्या पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती. आता सहावीसाठी समाजशास्त्राचं नवीन पुस्तक निघणार होतं आणि त्यात त्या लढाईवर एक धडा असावा, असं दोन्ही बाजूंनी कसंबसं मान्य केलं होतं. तो धडा लिहायला, आणि जोडीने इथली पदविका करायला, २०१३ मध्ये तिकडचा एक शिक्षक पामर्स्टन नॉर्थला आला. त्याचं नाव रूबेन.

रूबेन तिशीतला, रुंद खांद्यांचा, बोलायला अगदी हळू. डोंगरातला होता. आला तेव्हा त्याच्या पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला होत्या आणि अंगात पातळ शर्ट. सुमेधाने दुसऱ्याच दिवशी शिरीषचं जुनं जाकीट नेऊन दिलं. मग तो रविवारी घरी यायला लागला. ऑकलंडजवळ टाकानिनीला राहणारी नणंद, जुई, एकदा येताना अळूची पानं घेऊन आली होती, त्याच्या वड्या सुमेधाने केल्या, तेव्हा रूबेनने एक वडी उलगडून पाहिली आणि तो खदखदून हसला.

"आम्ही ही पानं नारळाच्या दुधात शिजवतो आणि खातो," तो म्हणाला. "तुम्ही आधी सारवता, मग गुंडाळता, मग उकडता, मग कापता, मग तळता. मिस सुमेधा, तुमच्या देशात बायकांना दुसरं काम नसतं का?"

"नसतं," सुमेधा म्हणाली, "म्हणून तर मी इकडे आले."

एवढ्या मोकळेपणाने ती त्या देशात पहिल्यांदाच हसली होती.

धडा लिहायला त्याला आठ महिने लागले. त्यात दोनच कथनं होती. पहिलं होतं एडिनाचं. एडिना म्हणजे रूबेनची बायको. लढाईच्या दुसऱ्या वर्षी ती दहा वर्षांची होती. डोंगरातली माणसं बोटीने बाजाराला निघाली होती. किनाऱ्यावरच्या लोकांनी बोट धक्क्याला लागताच अडवली आणि अकरा पुरुषांना उतरवून घेतलं. त्यात एडिनाचे वडील होते. बोट परत पाठवली. ते अकरा जण पुन्हा कुणाला दिसले नाहीत. दुसरं कथन रूबेनचं स्वतःचं होतं. धक्क्यावरच्या त्या दिवसानंतर नऊ दिवसांनी डोंगरातली काही पोरं खाली उतरली आणि त्यांनी किनाऱ्यावरच्या मुलांची शाळा जाळली. त्यातला एक सतरा वर्षांचा रूबेन होता.

"हे तुमच्या नावाने छापायचं?" सुमेधाने विचारलं.

"नाव नको. पण तिथे सगळ्यांना माहीत आहे." तो म्हणाला, "लढाई संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. डुकरं दिली, शिंपल्यांच्या माळा दिल्या, तीन दिवस त्यांच्या अंगणात बसलो. चौथ्या दिवशी त्यांनी मला जेवायला वाढलं. मग मी शिक्षक झालो आणि तीच शाळा मागून घेतली. आता मी तिथेच शिकवतो. त्यांचीच मुलं."

"आणि धक्क्यावरच्यांनी?"

"त्यांच्यातलं अजून कुणी आमच्या अंगणात आलेलं नाही. एडिनाने आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही. पुस्तकात येणार म्हणून सांगितलं. एका रात्रीत सगळं बोलली आणि मग म्हणाली, आता पुन्हा विचारू नकोस."

सुमेधाने त्या धड्यावर फार कष्ट घेतले. एडिनाच्या कथनात तिने एकही शब्द बदलला नाही. फक्त एक स्वल्पविराम काढला. २०१४ च्या शेवटी रूबेन पदविका घेऊन परत गेला. जाताना त्याने जाकीट धुऊन, घडी घालून परत दिलं.

पुढच्या फेब्रुवारीत त्या देशाचं शिष्टमंडळ पुस्तकाला अंतिम मान्यता द्यायला पामर्स्टन नॉर्थला आलं. चार माणसं, पाच दिवस. बाकी सगळे धडे दोन दिवसांत झाले. तिसऱ्या दिवशी हा धडा उघडला आणि किनाऱ्याकडचे उपसचिव म्हणाले, "शाळेचा भाग राहू द्या. धक्क्याचा नको."

डोंगराकडून एक वृद्ध मुख्याध्यापक आले होते. ते म्हणाले, "धक्का नसेल तर आम्ही सही करणार नाही."

"धक्क्याबद्दल पुरावा नाही."

"अकरा घरं आहेत. पुरावा म्हणून पुरेशी नाहीत का?"

चहाच्या वेळी मार्गोने सुमेधाला बाजूला घेऊन सांगितलं, त्या दिवशी धक्क्यावर असलेल्यांपैकी एक माणूस आता तिथल्या मंत्रिमंडळात होता. ते शिष्टमंडळातल्या चौघांनाही ठाऊक होतं आणि चौघंही ते तोंडाने म्हणणार नव्हते. चौथा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी मार्गो खिडकीशी उभी राहून कपाळ चोळत होती. "सही झाली नाही तर पुस्तकच जाणार नाही," ती म्हणाली. "तीन वर्षांचं काम. आणि जूनमध्ये आपल्या सगळ्यांचे करार."

सुमेधाच्या हातात पुस्तकाची जुळवलेली प्रत होती. ती तिने चाळली आणि अगदी सहज, पुण्यात शंभर वेळा म्हणाली असेल तसं म्हणाली, "तसंही पुस्तक अठ्ठ्याण्णव पानांचं होतंय. छपाई सोळा-सोळा पानांच्या फॉर्मने होते. सहा फॉर्म म्हणजे शहाण्णव पानं. दोन पानं कमी करावीच लागतील."

मार्गो वळली. "धक्क्याचा भाग किती पानांचा आहे?"

"दोन."

हे आपण का बोललो, याचा सुमेधाने पुढे अनेक वर्षं विचार केला. जूनची भीती होती का? थोडी असेलही. चार दिवस ताणून धरलेल्या त्या खोलीत आपल्याकडे काहीतरी उपयोगी आहे, याचा आनंद होता का? होता. आणि अर्धा धडा तरी मुलांपर्यंत जाईल, असंही तिला खरोखर वाटलं होतं. पण पुस्तकाच्या सुरुवातीला मंत्र्यांचा संदेश एका पानावर आणि पैसे देणाऱ्या देशांची चिन्हं दुसऱ्या पानावर होती, आणि ती दोन्ही पानं मुखपृष्ठाच्या आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला घेता आली असती, हे तिला त्या क्षणीही माहीत होतं. ती ते बोलली नाही.

पाचव्या दिवशी मार्गोने छपाईची अडचण सगळ्यांना समजावून सांगितली. धक्क्याचा भाग पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ, असं इतिवृत्तात लिहून घेतलं. खोलीतला ताण एकदम सैल पडला. कुणी कुणाचं ऐकलं नव्हतं, कुणी हरलं नव्हतं. वृद्ध मुख्याध्यापक कागदावर वाकले. मग म्हणाले, "पानांचाच प्रश्न असेल तर माणसांशी कशाला भांडायचं?" आणि त्यांनी सही केली. शेवटची सही सुमेधाची. मार्गोने सगळ्यांदेखत तिचे आभार मानले. जूनमध्ये तिचा करार वाढला, तोही एकदम तीन वर्षांसाठी.

तिने रूबेनला ईमेल केली: पानं बसली नाहीत, पुढच्या आवृत्तीत घेऊ. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "तुम्ही म्हणता तर तसंच असेल. पानांतलं तुम्हाला कळतं. एडिनाला मी सांगेन."

पुस्तक २०१६ मध्ये तिथल्या शाळांत गेलं. त्यानंतर रूबेनची पत्रं कमी झाली आणि मग थांबली. सुमेधाने दोन-तीनदा लिहिलं. तिकडे इंटरनेट चालत नसेल, असं शिरीष म्हणायचा. तीही तसंच समजून घ्यायची.

२०१७ मध्ये पुस्तकाबद्दल तक्रारी येऊ लागल्या आणि मार्गोने पाहणीसाठी तिघांना पाठवलं. त्यात सुमेधा होती. किनाऱ्यावरच्या शाळेत ती पोहोचली तेव्हा तिथे नवीनच मुख्याध्यापिका होती. रूबेन सर कुठे आहेत विचारल्यावर तिने दाराकडे पाहिलं आणि मग हलक्या आवाजात सांगितलं.

झालं होतं ते असं. धडा वर्गात आला तेव्हा मुलांनी विचारलं, "सर, शाळा जाळणारा तो मुलगा म्हणजे तुम्हीच ना?" रूबेन हो म्हणाला. पण मुलांचा पुढचा प्रश्न होता, "का जाळली?" आणि त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, ते वेगळं. जेवण वाढून मिटवलेलं प्रकरण आता सरकारी पुस्तकात छापून आलं होतं आणि त्या पुस्तकात सबंध लढाईत गुन्हा एकानेच केलेला दिसत होता. किनाऱ्यावरच्या काही पालकांनी अर्ज दिला, की शाळा जाळणाऱ्याने आमच्या मुलांना शिकवू नये. डोंगरातले लोक त्याच्या दारात आले. "धक्का विकलास आणि आम्हाला गुन्हेगार केलंस," ते म्हणाले. शिक्षण कार्यालयाने चौकशी होईपर्यंत त्याला रजेवर पाठवलं. चौकशी काही सुरू झाली नाही. शिक्षकाचं घर सोडावं लागलं, ते दवाखान्याला लागूनच होतं. एडिना आणि लहान मुलीला घेऊन तो वर, डोंगरात, आपल्या शेतावर राहायला गेला.

सुमेधा तीन तास चढून वर गेली. रूबेन अळूच्या वाफ्यात वाकून काम करत होता. तो वाळला होता. तिला पाहून हात पुसत आला आणि त्याने झोपडीपुढच्या ओंडक्यावर तिला बसायला जागा करून दिली. एडिना नदीवर गेली होती. त्याने सिद्धीची चौकशी केली, शिरीषची केली, वारा अजून तसाच वाहतो का विचारलं.

"मिस सुमेधा, एक विचारू? पानं खरंच बसत नव्हती?"

वाटेत तिने बरीच वाक्यं मनात जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"बसत होती," ती म्हणाली. "मंत्र्यांचा संदेश मुखपृष्ठाच्या आत घेता आला असता. मला माहीत होतं. भांडण मिटावं म्हणून मीच ते सुचवलं."

तो चिडेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो खाली वाकला. नखांत माती होती, ती त्याने एका काडीने काढली.

"मी पुस्तकावर फार विश्वास ठेवला," तो शेवटी म्हणाला. "तुमच्यावर रागवत नाही. तुम्ही परक्या मुलखात नोकरी करता, मला कळतं ते. पण एडिनाला हे सांगू नका. जागा नव्हती, असंच तिला वाटू दे."

एडिना आली. तिने पाण्याचे डबे खाली ठेवले, पाहुणीला उकडलेला कंद खायला दिला आणि पुस्तकाबद्दल एक शब्दही काढला नाही.

परत आल्यावर सुमेधाने मार्गोला सगळं लिहून दिलं: पानांची अडचण खरी नव्हती, चूक माझी आहे, दुरुस्तीची पुरवणी ताबडतोब छापा. मार्गोने ते वाचलं आणि दार लावून घेतलं. "सुमेधा, हे पाठवलं तर तिकडे सगळ्या पुस्तकावरच बंदी येईल. गणिताच्या, विज्ञानाच्या पुस्तकांचं कामही थांबेल. दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आहेच. तोवर थांब." तिने सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं. सुमेधा थांबली. पहिल्या वेळेपेक्षा हे थांबणं तिला जास्त जड गेलं, कारण या वेळी तिला कुठे काय चाललंय ते सगळं दिसत होतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या त्या मुख्याध्यापिकेची चार ओळींची ईमेल आली. रूबेनला ताप आला होता. मलेरिया डोक्यात गेला. वरून खाली आणायला माणसं मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि दवाखान्याच्या पायरीवर तो गेला. किनाऱ्यावरची काही मुलं अंत्यविधीला आली होती, असं शेवटी लिहिलं होतं.

सुमेधा त्या दिवशी घरी लवकर आली. सिद्धी शाळेतून आली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, गॅसवर काहीच नव्हतं.

"आई, यू ओके?"

मग सुमेधाने चौदा वर्षांच्या मुलीला सगळं सांगितलं, मराठीत, पहिल्यापासून. सिद्धीला रूबेन आठवत होता, त्याने तिला दोरीचे खेळ शिकवले होते. तिने सगळं उभ्यानेच ऐकलं. शेवटी म्हणाली, "बट व्हाय डिडन्ट यू जस्ट से?"

"त्या वेळी न बोलणं हेच शहाणपणाचं वाटलं," सुमेधा म्हणाली. सिद्धीने आईचा हात धरला, पण तिला ते पटलेलं नव्हतं आणि तिने तसं दाखवण्याचं टाळलंही नाही.

दुसऱ्या आवृत्तीची बैठक २०१९ च्या मे महिन्यात झाली. सुमेधाने इतिवृत्त काढून पुढे ठेवलं, एडिनाची दोन पानं पुढे ठेवली. या वेळी भांडण झालंच नाही. उपसचिव नवे होते आणि डोंगराकडचे प्रतिनिधीही नवे, तरुण. दोघांनी आधीच बोलून ठरवलं होतं: धक्का नको आणि शाळाही नको. दोन्ही काढा. त्या जागी बेटावरच्या पिकांवर एक धडा घाला, चित्रांसकट. एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट असेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्गोनेही.

अंतिम प्रत सहीला आली तेव्हा सुमेधाने पेन उचललं नाही. "मी करणार नाही," एवढंच म्हणाली. मार्गोने कारण विचारलं नाही. सही दुसऱ्या कुणीतरी केली आणि पुस्तक वेळेवर छपाईला गेलं. जूनमध्ये सुमेधाने करार पुढे नेला नाही. शिरीष म्हणाला, "आता हे करून काय मिळणार?" आणि मग स्वतःच म्हणाला, "बरं, राहू दे." ती गावातल्या एका प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून लागली. इंग्रजी न येणारी मुलं इतर देशांतून येत, त्यांच्याशेजारी बसून वाचून घ्यायचं.

जुलैत तिने एडिनाला पत्र लिहिलं. ईमेल नाही, कागदावर. रूबेनने सांगू नका म्हटलेलं सगळं त्यात सांगितलं, क्षमा मागितली आणि सोबत मूळ धड्याच्या वीस प्रती करून पाठवल्या. तुमच्या गावात ज्यांना द्यावंसं वाटेल त्यांना द्या, असं लिहिलं.

उत्तर ऑक्टोबरमध्ये आलं. पाकीट जाड होतं. वीसच्या वीस प्रती परत आल्या होत्या आणि वर वहीचा एक कागद, दुसऱ्या कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेला.

"जागा नव्हती असं रूबेनने मला सांगितलं. तो खोटं बोलला की त्याची मान डावीकडे वळायची, त्यामुळे मला तेव्हाच कळलं होतं. त्याला वाटायचं मला माहीत नाही, म्हणून मी तसंच राहू दिलं. माझी मुलगी आता खालच्या शाळेत जाते. किनाऱ्यावरच्या एका मुलीशेजारी बसते. त्या मुलीचे आजोबा धक्क्यावर होते. दोघींना हे माहीत नाही. मी एकदाच सांगितलं होतं, तेव्हा छापायला हवं होतं. आता हे कागद इथे ठेवायला माझ्याकडे जागा नाही. तुम्ही ठेवा. तुम्ही आलात तेव्हा थकला होतात, नीट जेवला नाहीत. एडिना."

सुमेधाने ते शिरीषला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य शिरीषने कागद स्वतःकडे घेऊन वाचलं. सिद्धी दारात उभी होती. ती आत आली, परत आलेल्या प्रती तिने टेबलावर सारख्या करून ठेवल्या आणि विचारलं, "सो व्हॉट डू वी डू विथ दीज?"

"माहीत नाही गं," सुमेधा म्हणाली.

बाहेर वारा सुटला होता. वाळत घातलेले कपडे काढायला तिघंही अंगणात गेली.